41,400 रुपये घालवले, दुखणं निघालं 380 रुपयांच्या केबलचं

लिहू की नको करत पंधरा दिवस गेले कारण खरं सांगायचं तर लाज वाटते. पण परवा आमच्याच सोसायटीतले एकजण, ज्या गॅरेजने मला फसवलं त्याच गॅरेजच्या दारात गाडी लावताना दिसले आणि म्हटलं बास.

गाडी 2008 ची, पेट्रोल. मार्चमध्ये साताऱ्याहून येत होतो, कात्रजचा नवा बोगदा संपला आणि नवले पुलाकडचा उतार लागला, तो उतार पुणेकरांना वेगळा सांगायला नको. टँकरच्या पुढे जायला रेस दिली, पाय काढला, आणि रेस खालीच येईना. मागे आई, शेजारी बायको. क्लच दाबला तर इंजिन असं किंचाळलं की आईने देवाचं नाव घ्यायला सुरुवात केली. न्यूट्रल टाकली, ब्रेक एकदाच जोरात दाबून धरला, कडेला घेऊन चावी बंद केली. ब्रेक पंप करत बसू नका, थ्रॉटल (इंजिनला हवा देणारी झडप) उघडा असताना ब्रेक बूस्टरला, म्हणजे पेडल हलकं करणाऱ्या भागाला, व्हॅक्यूम मिळत नाही, दोन-तीनदा दाबलात की पेडल दगड होतं. आणि धावत्या गाडीची चावी उपटू नका, स्टिअरिंग लॉक होईल.

हात कापत होते. अशा वेळी जो पहिला म्हणेल "सर टेन्शन नका घेऊ" तो देव वाटतो, तर माझा देव सर्व्हिस रोडवर पाचशे मीटरवर होता. एसी केबिन, टॅबलेट, कॉफी.

आता ते ज्याच्यासाठी स्वतःलाच दोन ठेवून द्याव्याशा वाटतात. तिथल्या पोराने, असेल अठरा-एकोणीसचा, बॉनेट उघडलं आणि थ्रॉटलची केबल दोन बोटांनी ओढून सोडली. सोडल्यावर ती टक्कन परत जायला हवी ना, ती निम्म्यावर अडकून राहिली. पोराने मालकाकडे बघितलं. मालक म्हणाला, "जा, सरांना चहा सांग." मी तिथे होतो हो! दीड फुटावर! केबल अडकलेली या डोळ्यांनी बघितली आणि तरी "चहा नको, कॉफी चालेल" म्हणालो.

मग टॅबलेट जोडला. स्क्रीनवर एकही फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदवलेला बिघाड) नव्हता, मला शून्य दिसलं होतं, तेवढ्यात त्याने टॅबलेट स्वतःकडे वळवला. "ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय सर. टोयोटाने अमेरिकेत लाखो गाड्या याच्यासाठीच परत बोलावल्या, गूगल करा." मी गूगल केलं, रिकॉलच्या बातम्या निघाल्या, माझा विश्वास बसला. पुढचं वाचलं असतं तर कळलं असतं की ते रिकॉल पेडलखाली अडकणारी मॅट आणि चिकटणारं पेडल यासाठी होते, आणि नासाच्या इंजिनिअरांनी तपासूनही इलेक्ट्रॉनिक्समध्ये तसा दोष सापडला नाही, 2011 चा रिपोर्ट आहे. आणि मुळात माझ्या गाडीत थ्रॉटल केबलवर चालतो, पायाने ओढला तर उघडतो, ईसीएमला तो एवढा उघडताच येत नाही, तो फार तर आयडलिंग थोडं वरखाली करेल. बावीस वर्षं गाडी चालवतोय, हे मला माहीत होतं. पण मागच्या सीटवर आई असताना माणूस डोक्याने विचार करत नाही.

हिशोब: थ्रॉटल बॉडी 14,500, टीपीएस (थ्रॉटल किती उघडलाय ते सांगणारा) सेन्सर 3,200, ईसीएम रिपेअर 18,000, स्कॅनिंग 1,200, लेबर 4,500. एकूण 41,400. वीस हजार ॲडव्हान्स, बाकी डिलिव्हरीला, सगळं यूपीआयने. "पक्कं बिल हवं तर जीएसटी वेगळा पडेल सर," म्हणून कच्ची चिठ्ठी घेतली. जुने पार्ट मागितले तर "भंगारवाला सकाळीच घेऊन गेला." भंगारवाला एवढा वक्तशीर कधीपासून झाला?

नवव्या दिवशी पार्किंगच्या रॅम्पवर परत तेच, गाडी सरळ खांबाला. बंपरचे 6,800. त्याहून वाईट म्हणजे अख्ख्या सोसायटीने ठरवलं की ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला. "काका, आता ऑटोमॅटिक घ्या." बावन्न वय आहे माझं, काका कोण!

शेवटी धायरीतल्या एका साध्या टपरीवजा गॅरेजवाल्याने केबल बाहेर काढली. फायरवॉलपाशी (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) वरचं कव्हर फाटलेलं, आतल्या तारेचे दोन धागे तुटून काट्यासारखे बाहेर आलेले, जास्त रेस दिली की तिथेच अडकायचे. केबल 380, लेबर 250. मग त्याने थ्रॉटल बॉडी दाखवली. टीपीएसच्या स्क्रूवर पांढऱ्या पेंटचा ठिपका, तो त्यानेच दोन वर्षांपूर्वी सर्व्हिसिंगला मारलेला. म्हणजे बॉडीही जुनीच आणि सेन्सरही जुनाच, स्प्रे मारून चकाचक करून परत बसवलेला. काम टाकण्याआधी पार्टचे फोटो काढा, स्वतः खूण करा, नेलपॉलिश चालतं.

पहिल्या, एसी केबिनवाल्या गॅरेजवाल्याने माझा फोन ब्लॉक केला. पोलीस स्टेशनला गेलो, साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या वेळी साहेब होते, म्हणाले "ॲक्सिडेंट झाला का? कोणाला लागलं का? मग?" म्हणजे आईला घेऊन टँकरखाली गेलो असतो तर अर्ज घेतला असता! कच्ची चिठ्ठी बघून "हे सिव्हिल मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." अर्ज ठेवून घेतला पण पोच द्यायला शिक्का ज्यांच्याकडे ते रजेवर. आरटीओत गेलो तर "गॅरेज आमच्याकडे येत नाही," बरोबर असेल, पण मग कोणाकडे येतं ते तरी सांगा, तर खिडकी बंद, जेवणाची सुट्टी, सव्वाबारा वाजता. एका हेल्पलाइनवर तक्रार टाकली, चार दिवसांनी मेसेज आला "आपल्या तक्रारीचे निवारण झाले आहे." कोणाचं झालं? माझं तर नाही.

ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, तेवढं आता पाठ झालंय. पण पुरावा लागतो, म्हणून जीएसटी वाचवायच्या नादात पक्कं बिल सोडू नका, मी सोडलं. तुटलेली केबल प्लास्टिकच्या पिशवीत घालून ड्रॉवरमध्ये ठेवलीय, यूपीआयचे स्क्रीनशॉट आहेत, धायरीवाला लिहून द्यायला तयार आहे. सोमवारी परत पोलीस स्टेशनला जातोय. शिक्कावाले रजेवरून आले असतील तर.