फिशटँकमध्ये पाणी कुठलं भरावं: जारचं की विहिरीचं?

नवा फिशटँक आणलाय, खडे धुऊन झालेत, आणि आता पाणी कुठलं भरायचं यावरून घरात दोन पक्ष पडलेत, अशा माणसासाठी हे लिहितो आहे. आमच्याकडेही पडले होते. दीड वर्ष मी जारचं आरओ पाणी वापरलं, गेली दोन वर्षं विहिरीचं वापरतोय. टाकी तीच आहे: दोन फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच. कागदावर ५६ लिटर, पण खडे-दगड आणि वरची मोकळी दोन बोटं सोडली तर पाणी ४५ लिटरच्या आसपास बसतं. म्हणजे दहा लिटरची बादली काढली-घातली की पाचवा हिस्सा बदलला. यापेक्षा जास्त गणित मी कधी केलेलं नाही.

नळाचं पाणी मी आधीच बाजूला ठेवलं. आमच्याकडे नळ तीन दिवसांआड येतो आणि ब्लिचिंग पावडर कधी चिमूटभर पडते, कधी ओंजळभर. ज्यांच्याकडे नळ रोज येतो त्यांनी पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवून किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब टाकून खुशाल वापरावं, काही बिघडत नाही.

जारची शिफारस अमरावतीच्या दुकानदाराची. मासे पिशवीत बांधता बांधता तो म्हणाला, आरओच टाका, झंझट नाही. त्याचं चूक नव्हतं. अमरावतीला पाणी येतं अप्पर वर्धा धरणाचं, त्याच्या दुकानातले मासे त्याच पाण्यावर होते, आणि आमच्या विहिरीचं पाणी त्या मानानं फारच जड. किती जड? माझ्याकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर नाही. आई तूरडाळ विहिरीच्या पाण्यात शिजवत नाही, कारण ती शिजतच नाही. तीन शिट्ट्यांनंतरही दाणे टणक. अंगाला साबण लावला तर फेस यायच्या आत साबण झिजतो. मला एवढी मोजणी पुरते.

दिसायला जारचं पाणी सुरेखच. काचेवर पांढरी रेघ नाही, आणि माझे सहा निऑन, म्हणजे निळ्या-लाल पट्ट्यांचे छोटे मासे, त्यात असे चमकायचे की पाहुणे आधी टाकीकडे जायचे, मग चहाकडे. निऑनला हलकं पाणी मानवतं हे खरंच आहे. पण नव्या टाकीत या पाण्याची एक गोम आहे, ती मला उशिरा कळली. माशांच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत स्थिरावायला चार ते सहा आठवडे घेतात. त्यांना काम करताना पाण्यातला क्षार लागतो, एक मिलिग्रॅम अमोनियामागे सात मिलिग्रॅमच्या वर. आरओवाल्यानं तो आधीच गाळून टाकलेला असतो. मग पीएच हळूहळू घसरतो, म्हणजे पाणी आंबटाकडे झुकतं, आणि जिवाणू सुस्तावतात. मला हे समजलं गोगलगायींवरून. त्यांच्या शंखांची टोकं पांढरी पडून झिजायला लागली. गप्पीही पर मिटून कोपऱ्यात उभ्या राहायच्या. थोडं विहिरीचं पाणी मिसळून हे सुधारता येतं, मी तेही केलं. तेवढ्यासाठी मी जार सोडला नसता.

सोडला तो वेगळ्याच कारणानं. जार थंड येतो.

वाचायला किरकोळ वाटेल. आमच्याकडचा जार म्हणजे थर्मासच्या जातीचा. प्लांटवर पाणी गार करून भरतात, पोरगा सकाळी दहाला दारात ठेवतो, आणि संध्याकाळपर्यंत ते गारच राहावं यासाठीच तर ती जाड भिंत असते. प्यायला उत्तम. टाकीचं पाणी ३१-३२ अंशांवर असताना त्यात हे ओतणं म्हणजे उन्हातून आलेल्या माणसावर बर्फाची बादली. म्हणून आधी जार बादल्यांत रिकामा करायचा आणि संध्याकाळपर्यंत थांबायचं. पण शेतकऱ्याच्या घरात रिकामी बादली दिवसभर टिकते का? एकदा त्या पाण्यानं आईनं ओसरी धुतली. एकदा गड्यानं पाय धुतले आणि वर म्हणाला, "आज पानी मस्त थंडं होतं बाप्पा." शिवाय दुसऱ्या दिवशी रिकामा जार द्यायचाच असतो, नाहीतर नवा मिळत नाही.

त्यात लग्नसराई. एप्रिल-मे महिन्यांत तिथ असली की पंचक्रोशीतले सगळे जार मांडवात. नेमकं याच दिवसांत टाकीला पाणी जास्त लागतं. बाहेर पारा ४५ ओलांडतो आणि तापलेल्या पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सव्वाआठ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना जेमतेम सात. मासे वर येऊन तोंड उघडमिट करत असतात आणि मी रस्त्याकडे बघत उभा, जारची गाडी दिसते का म्हणून. रविवारचं पाणी बुधवारवर गेलं, बुधवारचं पुढच्या रविवारवर. शेवटी एका दुपारी कंटाळून अर्धी टाकी एकदम बदलली, बादलीतला गारवा पुरता गेला नसतानाच. तिसऱ्या दिवशी निऑनच्या अंगावर साखरेचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उठले. सहातले चार गेले. चूक माझीच होती, पाण्याची नव्हे. पण जे पाणी मला अशी चूक करायला लावतं त्याच्याशी माझं जमायचं नाही, हे तेव्हाच ठरलं.

विहीर परसात आहे. पाणी वेळेवर मिळायला कुणाची वाट बघावी लागत नाही, माझ्या लेखी अर्धी लढाई इथेच संपली. रात्री बादली भरून टाकीशेजारी ठेवतो, सकाळपर्यंत तिचं आणि टाकीचं तापमान एक होतं. नळी लावून खड्यांमधली घाण ओढत एक बादली बाहेर, एक बादली आत. दहा मिनिटांचं काम. बाहेर काढलेलं पाणी कढीपत्त्याला, त्यामुळे आईचाही विरोध मावळला. दर चार दिवसांनी बादलीभर बदलणं मला महिन्यातून एकदा अर्धी टाकी उपसण्यापेक्षा कितीतरी मानवलं. माशांनाही मानवलं असावं.

आणि मासे कोणते? गावोगावच्या भिंतींवर "गप्पी मासे पाळा, हिवताप टाळा" लिहिलेलं आपण लहानपणापासून वाचतो. आमच्या विहिरीतही कधीतरी सोडलेल्या गप्पी आहेत. आई ज्या पाण्यात डाळ शिजवत नाही, त्यात त्या पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं घालतायत. ते बघून माझ्या डोक्यात उजेड पडला: पाणी माशांच्या मागे नेण्यापेक्षा पाण्याला शोभतील तसे मासे आणावेत. गप्पी, मॉली, प्लॅटी यांना जड पाणीच आवडतं. नवीन आणलेल्यांना तेवढं एकदम त्यात सोडू नये. मी पिशवी टाकीत तरंगत ठेवतो आणि तासभर थोडं थोडं विहिरीचं पाणी तिच्यात घालत जातो.

विहिरीच्या तक्रारी नाहीत असं नाही. नव्या टाकीत सुरुवातीचा महिना जपून काढावा लागतो. जड पाण्याचा पीएच साधारण चढा असतो, आणि पीएच ७ वरून ८ वर गेला की अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दहापट होतो. म्हणून पहिले सहा आठवडे दोन-तीनच मासे, चिमटीभर खाणं, आणि दिवसाआड अर्धी बादली बदल. घाईनं दहा मासे सोडायचे असतील तर माझं पाणी तुमच्या कामाचं नाही. बोअरचं पाणी असेल तर रात्रभर बादलीत एअर पंपाची नळी सोडून ठेवावी, खोलवरच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असू शकतो. छतावरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी तर विचारूच नका, त्यात अंडी उकडतील. पहिला पाऊस झाला, विहीर गढूळली, शेतातला युरिया वाहून येण्याची वेळ आली, की मी दोन आठवडे तिला हात लावत नाही.

काचेवरची पांढरी रेघ मात्र रोज दिसते. पातळी खाली असताना लिंबाची फोड फिरवली की जाते, आठवड्यानं परत येते. नीटनेटकेपणाची आवड असलेल्याला हीच रेघ जारकडे घेऊन जाईल, आणि मी त्याला दोष देणार नाही.

उन्हाळ्यात एक गोष्ट विसरू नये. कूलर त्याच खोलीत असला तर आठवड्यात तीन-चार बोटं पाणी उडतं. उडतं ते पाणी, क्षार तिथेच राहतात. त्यावर पुन्हा विहिरीचंच ओतत राहिलं तर पाणी दिवसेंदिवस जड होत जातं. म्हणून आटलेलं भरायला जारचं पाणी आणि बदलायला विहिरीचं, अशी माझी वाटणी आहे.

हे सगळं आमच्या वर्धेकडच्या गोड्या विहिरींपुरतं. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, दर्यापूर-भातकुलीकडे किंवा अकोल्याच्या बाजूला घर असेल, तर विहिरीचा विषय सोडा. जिथे माणसंच ते पाणी पीत नाहीत तिथे माशांवर प्रयोग कशाला? तिथे जारच घ्यावा, किंवा पावसाचं पाणी साठवून तेच मिसळावं. आणि जीव निऑनवरच असेल तरी जारच. बादल्या मात्र वेगळ्या रंगाच्या घ्या आणि घरात सगळ्यांना सांगून ठेवा.

मे महिन्यात आटलेलं भरायला मी अजून जार घेतो, पंधरवड्यातून एखादा. गेल्या उन्हाळ्यात जारवाल्या पोरानं मला तो बादल्यांत ओतताना पाहिलं आणि विचारलं कशासाठी. सांगितलं तर म्हणाला, "मासोयाइले पाह्यजे व्हता तं बिनथंडा आनला असता न भाऊ. सांगतलं काहून नाही इतके दिस?"

दीड वर्षात हे मला एकदाही सुचलं नव्हतं.