हायड्रेशन वेस्ट: पावागडच्या पायऱ्यांपासून तोरण्याच्या उतारापर्यंत

हायड्रेशन वेस्ट म्हणजे पळताना पाणी नि खाणं अंगावर वागवायचं जाकीट. ती घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न येतो लिटरचा, म्हणजे तिच्यात किती मावतं त्याचा. पाच, आठ की बारा? मग खिसे किती, मग रंग कोणता. महिनोन्‌महिने अंगावर वागवल्यावर माझं मत असं झालंय की हे सगळे नंतरचे प्रश्न. आधी दोनच गोष्टी बघाव्यात. उतारावर पळताना ती किती हलते? आणि पाय बोलायला लागलेत, डोकं चालत नाहीये, अशा वेळी ती अंगातून न काढता पाणी नि खाणं हाताला लागतं का? सपाटीवर बहुतेक सगळ्याच वेस्ट चांगल्या वाटतात.

माझी आठ लिटरची, बायकांच्या मापाची. पुढे ५०० मिलीच्या दोन सॉफ्ट फ्लास्क (मऊ, दबणाऱ्या बाटल्या), मागे ब्लॅडरसाठी (नळीवाल्या पाण्याच्या पिशवीसाठी) कप्पा, बाजूला पोल, म्हणजे चढायच्या काठ्या, अडकवायचे पट्टे, एक शिट्टी. रिकामी असताना वजन पाव किलोच्या आसपास. किंमत सहा हजारांच्या आत. बडोद्याचा उन्हाळा, पावसाळ्याचा दमटपणा, पावागडच्या फेऱ्या आणि शेवटी डिसेंबरात सिंहगड-राजगड-तोरणा या ट्रेकर्सच्या जुन्या वाटेवरची पन्नास किलोमीटरच्या वरची शर्यत, एवढं तिनं माझ्यासोबत काढलंय. कंपनीचं नाव लिहीत नाही. खालचं बहुतेक सगळं कुठल्याही वेस्टला लागू पडेल.

बडोद्यात राहून डोंगरातल्या शर्यतीची तयारी करायची म्हणजे आधी डोंगर शोधायला हवा. शहरात गेंडा सर्कलपासून मनीषा चौकडीपर्यंतचा साडेतीन किलोमीटरचा फ्लायओव्हर हाच आमचा घाट. त्यामुळे आठवडाभर कमाटीबाग, सोसायटीचा जिना आणि रविवारी पहाटे हालोलमार्गे पावागडच्या पायथ्याचं चांपानेर. पावागडाची उंची ८०० मीटरच्या थोडी वर. बहुतेक लोक माचीपर्यंत, म्हणजे डोंगराच्या मधल्या टप्प्यापर्यंत, गाडीनं जातात आणि तिथून रोपवे किंवा पायऱ्या धरतात. आम्ही खालून, चांपानेरच्या बाजूनं, जुन्या दरवाजांच्या वाटेनं चढतो. दगड गुळगुळीत, मध्येच मातीची वाट, माचीनंतर पायऱ्याच पायऱ्या. आपली विश्वामित्री नदी ह्याच डोंगरातून निघते, हे बडोदेकरांना सांगायला नको, पण तिचा उगम जिथे आहे तिथे घाम गाळल्यावर काळा घोड्याच्या पुलावरून खाली बघताना जरा वेगळं वाटतं.

वेस्टची खरी परीक्षा चढताना होत नाही. चढावर आपण चालतच असतो. अंग पुढे झुकलेलं, वजन पाठीवर बसलेलं. उतरताना प्रत्येक पावलाला शरीर वर-खाली होतं आणि पाठीवरचं पाणी त्याच्या अर्धं पाऊल मागे असतं. तो हिसका मानेला आणि खांद्याला बसतो. मांड्यांना तर उतारच मारतो, कारण स्नायू ताणला जात असतानाच त्याला ब्रेक लावायचा असतो. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठडा धरावा लागतो तो त्यामुळे. त्यात वरून वेस्ट उड्या मारत असेल तर पळण्याची लयच जाते.

म्हणून दीड लिटरचं ब्लॅडर मी पावसाळ्याआधीच बाजूला ठेवलं. ब्लॅडरमधली हवा काढून टाकली (उलटं धरून नळीतून ओढून घ्यायची) तर डुचमळणं बरंच कमी होतं, हे खरं. पण किती पाणी संपलं ते दिसत नाही. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असताना हा प्रश्न छोटा नाही. दुसरं, भरायचं म्हणजे वेस्ट काढा, मागचं सामान उपसा, भरा, परत कोंबा. फ्लास्क समोर छातीवर असतात. पाणी पीत जाल तशा त्या आक्रसतात, त्यामुळे आत हवा राहत नाही आणि खळखळ होत नाही. एका नजरेत कळतं, आता अर्धी राहिली.

फ्लास्कचेही त्रास आहेत. अर्धी रिकामी झाली की ती खिशात खाली घसरते आणि तोंडाचा बोंडा (ज्यातून पाणी ओढायचं तो) बरगडीला लागत राहतो. खिशाच्या वरच्या काठाला लवचिक दोरीचा फास असतो, त्यात फ्लास्कची मान अडकवली की प्रश्न सुटतो. पण हा फास सगळ्या वेस्टना नसतो, घेताना बघा. काठोकाठ भरलेली फ्लास्क घामानं चिकट झालेल्या खिशात परत बसवणं तर वैतागच आहे. युक्ती अशी की ती थोडी कमी भरायची, हवा काढून झाकण लावायचं आणि तळ आधी आत सरकवायचा. अजून एक, तोंडाचं माप. २८ मिलिमीटरच्या तोंडात पावडर ओतताना निम्मी बाहेर सांडते. ४२ मिलिमीटरवाल्या घ्या. दोन्ही मापांची झाकणं एकमेकांना बसत नाहीत, म्हणून नंतर सुट्या फ्लास्क घेताना ते तपासून घ्या.

एका फ्लास्कमध्ये साधं पाणी, दुसरीत ओआरएस, अशी माझी वाटणी ठरली आहे. लिटरच्या पुडीचा अर्धा भाग ५०० मिलीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरमागे २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. म्हणजे ओआरएसनं पाणी आणि क्षार मिळतात, पोट भरत नाही. लांब पळताना तासाला निदान ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं लागतात, ती वेगळी खावीच लागतात. आणि नुसतं पाणी ढोसत राहणंही वाईट. त्यानं रक्तातलं सोडियम उतरतं, गरगरतं, उलट्या होतात, प्रकरण इस्पितळापर्यंत जातं. तहानेप्रमाणे प्यावं. पळायच्या आधी आणि नंतर वजन करून बघितलं की आपल्याला तासाला किती घाम येतो त्याचा बऱ्यापैकी अंदाज येतो, एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. बडोद्यात जूनमध्ये आणि सह्याद्रीत डिसेंबरमध्ये माझे आकडे इतके वेगळे आले की दोन्हीकडे एकच हिशेब लावणं शक्य नव्हतं.

खाण्याचे खिसे पुढेच हवेत. माझ्या वेस्टला फ्लास्कच्या खाली दोन उघडे जाळीचे खिसे आहेत. त्यात शेंगदाण्याची चिक्की, राजगिऱ्याची वडी, सुखडीचे छोटे तुकडे. एनर्जी जेलची पाकिटं एक-दोनच, शेवटच्या टप्प्यासाठी, कारण गोड-गोड खाऊन तोंड विटतं. मग मेथीच्या खाखऱ्याचा तुकडा अमृत लागतो, फक्त त्याचा चुरा होतो. पावागडावर मात्र उघड्या खिशात चिक्की ठेवू नका, माकडांना आपल्याआधी कळतं. माचीच्या वरती लिंबू-सरबत विकणाऱ्या एका काकांनी माझ्या छातीवरच्या दोन बाटल्या बघून डोक्याला हात लावला होता: "बेन, तमारी तो दुकान साथे ज छे!" घरी सासूबाईंचं मत त्याहून सौम्य. त्यांना ती वेस्ट म्हणजे बाळाचं झबलं वाटतं, तेही दोन मापं लहान.

मापाबद्दल बायकांनी जरा जास्त वेळ द्यावा. पुरुषांच्या वेस्टचा पुढचा पट्टा नेमका जिथे यायला नको तिथे येतो, आणि भरलेल्या फ्लास्क छातीच्या मधोमध बसल्या की श्वास कोंडतो. बायकांच्या मापात फ्लास्क थोड्या बाजूला किंवा वर असतात आणि पट्टे वर-खाली सरकवता येतात. पळताना घालता तीच ब्रा घालून माप घ्या आणि फ्लास्क भरून मगच आरशासमोर उभ्या राहा. रिकामी वेस्ट अंगाला छान बसते, भरली की तीच आवळते. दोन्ही पट्टे लावून खोल श्वास घेता आला पाहिजे आणि जागच्या जागी उड्या मारल्यावर फ्लास्क हनुवटीकडे यायला नकोत. दुकानातला मुलगा बघत असेल तर बघू दे. माझ्या वेस्टचं सगळ्यात मोठं यश इथेच आहे: तासन्‌तास पळूनही ब्राच्या काठावर तिनं कधी सोललं नाही. मानेजवळ मात्र काठ घासतो. तिथे व्हॅसलीन लागतंच, आणि दर दोन-अडीच तासांनी पुन्हा.

आता शर्यतीबद्दल. अंधारात, हेडलॅम्प लावून चढायला लागलो तेव्हा थंडी होती, म्हणून विंडचीटर अंगात. उजाडल्यावर तो काढून मागच्या ताणणाऱ्या कप्प्यात कोंबला, वेस्ट न काढता, फक्त हात मागे नेऊन. हे घरी सराव करण्यासारखं आहे. सिंहगडाच्या कल्याण दरवाज्यापलीकडची उतरण आणि मग गावांतून जाणारा पट्टा, इथे वेस्ट आहे हेसुद्धा विसरायला झालं. राजगडाच्या चढावर पोल काढले. खरी गंमत राजगड-तोरण्याच्या धारेवर. संजीवनी माचीच्या आळू दरवाज्यातून बाहेर पडलं की पुढे लांबच लांब सोंड, वाळलेलं गवत, कारवी, ऊन आणि घसारा, म्हणजे पायाखाली सरकणारी सुटी माती-दगड. पाण्याचा भरवसा कमी. तिथे दोन्ही फ्लास्क भरलेल्या असणं म्हणजे छातीवर एक किलो, आणि तो किलो आनंदानं वाहावा. बुधला माचीकडे चढताना कातळाचा टप्पा येतो, दोन्ही हात मोकळे लागतात. पोल चालता-चालता दुमडून बाजूच्या पट्ट्यात घातले आणि ते कुठेही अडकले नाहीत, टोचले नाहीत. माझ्या पुढच्या बाईला त्यासाठी वेस्ट पूर्ण उतरवावी लागली, तेही अरुंद जागी, मागे रांग लागलेली.

तोरण्यावरून वेल्ह्याकडे उतरताना मांड्या संपल्या होत्या. पाऊल जड पडायला लागलं की वेस्टही जास्त आदळते. तेव्हा बाजूच्या दोऱ्या अर्धा इंच आवळल्या आणि फ्लास्कमधलं पाणी दोन्हीकडे सारखं राहील असं आलटून-पालटून प्यायले. एक भरलेली आणि एक रिकामी असेल तर अंग एका बाजूला ओढलं जातं, घसाऱ्यावर ते परवडत नाही.

बारा लिटरची घ्यावी का, असं आमच्या ग्रुपमधल्या बऱ्याच जणांनी विचारलं. युरोपातल्या मोठ्या डोंगरी शर्यतींचा नियमच असा की धावणाऱ्यानं आपलं बरंचसं सामान स्वतः वाहायचं. माँ ब्लाँभोवतीच्या यूटीएमबीत १७० किलोमीटरच्या वर अंतर, सुमारे १०,००० मीटर चढ आणि सक्तीच्या सामानात दोन दिवे, टोपीवालं पावसाळी जॅकेट, सर्व्हायव्हल ब्लँकेट, निदान एक लिटर पाणी असं बरंच काही. मोठ्या वेस्ट त्या गरजेतून आल्या. आपल्याकडे पन्नास किलोमीटरला, मध्ये एड स्टेशनं (पाणी-खाण्याचे थांबे) असताना, पाच ते आठ लिटर पुरतात. कप्पा मोठा असला की आपण तो भरतो, आणि अर्धवट भरला तर सामान आत आदळतं.

टिकाऊपणाला मी दहापैकी सात देईन. जाळी, शिवण, लवचिक दोऱ्या अजून ठणठणीत. मोबाईलच्या खिशाची चेन मात्र घामाच्या मिठानं धरली. आता मेणबत्ती घासली तरच सरकते. पोलच्या एका पट्ट्याची शिवण उसवली होती, ती मांडवीजवळच्या बॅगा शिवणाऱ्याकडून जाड दोऱ्यानं करून घेतली, आता मूळ शिवणीपेक्षा भक्कम आहे. मागच्या कप्प्यात घाम झिरपतो, मोबाईल आणि पैसे झिपलॉकमध्येच ठेवा.

धुणं हातानंच, गार पाण्यात, साबण कमी, पिळायची नाही, सावलीत वाळवायची. दर वेळी. एक दिवस तशीच पिशवीत राहिली तर मिठानं ताठ होते आणि वास जाता जात नाही. पावसाळ्यात फ्लास्कच्या बोंड्यात काळी बुरशी धरते; बोंडा सुटा काढून खायच्या सोड्याच्या कोमट पाण्यात भिजवायचा, फ्लास्क नीट निथळून फ्रीजरमध्ये टाकायच्या. फ्रीजरमध्ये मटारांशेजारी जागा मिळवण्यासाठी घरात वाटाघाटी कराव्या लागतात.

ज्यांना फक्त रस्त्यावर एकवीस-बेचाळीस किलोमीटर पळायचंय, जिथे दर दोन-तीन किलोमीटरला पाणी मिळतं, त्यांनी हे पैसे बुटांवर घालावेत. कंबरेचा पट्टा पुरतो. डोंगरात जाणार असाल तर वेस्ट घ्या, आणि त्याच ऑर्डरमध्ये एक जादा फ्लास्क आणि दोन जादा बोंडे मागवा. बोंडा चावून-चावून चार-सहा महिन्यांत गळायला लागतो, आणि तो आमच्या इथल्या दुकानात सुटा मिळत नाही.