स्टीम, जुना पीसी आणि चाळीस रुपयांचा सेल: आठ महिन्यांनंतर

सप्टेंबरात काकांचा जुना पीसी माझ्याकडे आला. त्यात ग्राफिक्स कार्ड टाकलं, स्टीम (पीसीवर गेम घ्यायचं आणि खेळायचं अ‍ॅप) चढवलं आणि तिसऱ्याच दिवशी लॉगिन होईना. आता एप्रिल संपत आलाय. डिसेंबरपासून लॉगिनला एकदाही अडचण आलेली नाही, म्हणून लिहायला बसलो.

आधी माझा मूर्खपणा सांगतो. स्टीम जोडत नाही म्हटल्यावर मी सरळ अनइन्स्टॉल मारलं. गेम त्याच फोल्डरमध्ये असतात आणि त्याच्याबरोबर तेही जातात, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. पन्नास जीबी गेले. नव्यानं टाकायचंच असेल तर फोल्डरमधलं स्टीमअ‍ॅप्स, युजरडेटा आणि स्टीम डॉट ईएक्सई एवढं ठेवायचं आणि बाकीचं उडवायचं. उरलेलं स्टीम स्वतःच पुन्हा ओढून घेतं.

मग सगळे नुस्खे झाले. डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) बदलून ८.८.८.८ केला. कमांड प्रॉम्प्टमध्ये फ्लशडीएनएस आणि विन्सॉक रीसेट या नेटची जुळणी साफ करणाऱ्या कमांड मारल्या. सेटिंगमधून डाउनलोड कॅशे साफ केली (याने गेम जात नाहीत, फक्त पुन्हा लॉगिन करावं लागतं). कधी चालायचं, कधी नाही. चाललं की वाटायचं, शेवटच्या नुस्ख्याचा गुण आला. नेटवाल्याचा पोरगा येऊन गेला. माझ्याच वायफायवर स्वतःचा फोन लावून दाखवला आणि म्हणाला, ‘‘नेट तर पळतंय की ओ.’’ मला राग आला होता, पण त्याचं बरोबर होतं.

दोष होता घड्याळात. आमच्या आईला लाईटबिलाची भारी काळजी. रात्री झोपताना ती भिंतीवरच्या बोर्डाचं पीसीचं बटण बंद करते, पण रोज नाही, आठवण आली की. बटण चालू असेल तर पीसी बंद असतानाही मदरबोर्डला (आतल्या मुख्य सर्किटला) थोडा करंट मिळत राहतो आणि घड्याळ चालतं. बटण बंद झालं की सगळा भार मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या सेलवर येतो. काकांच्या पीसीतला सेल कधीच मेलेला. म्हणजे आईनं बटण दाबलं त्या रात्रीनंतर पीसी उठायचा तो थेट २०१६ सालात. सुरक्षित कनेक्शन जोडताना समोरचा सर्व्हर जे सर्टिफिकेट दाखवतो, त्यावर कधीपासून कधीपर्यंत चालेल ते लिहिलेलं असतं. २०१६ मध्ये बसलेल्या पीसीच्या मते आजचं सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही. मग तो जोडतच नाही, आणि स्टीम बिचारं ‘कनेक्शन नाही’ यापलीकडे काय सांगणार? विंडोज इंटरनेटवरून वेळ जुळवून घेतं खरं, पण घड्याळ वर्षानुवर्षं मागे गेलेलं असेल तर तेही बऱ्याचदा हात वर करतं. उजव्या कोपऱ्यात तारीख दोन महिने माझ्या डोळ्यांसमोर होती. कोण बघतंय!

आमच्या सोलापूरच्या नवी पेठेतून सीआर२०३२ सेल आणला, चाळीस रुपये. पीसी बंद करून वायर काढली, जुना सेल नखानं उचकटला, नवा बसवला, बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) तारीख घातली. पाच मिनिटांचं काम.

लॉगिन सुटलं, पण ऑनलाइन खेळताना मध्येच हिसका बसून बाहेर पडणं चालूच होतं. ते वायफायचं दुखणं निघालं. आमचं घर बाळीवेशीतलं जुनं, भिंती हातभर जाड. राउटर खाली दारापाशी, पीसी माडीवर. इथे एकच चाचणी करा: आधी बाहेर नाही, स्वतःच्या राउटरला पिंग लावा, म्हणजे तिकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते कळतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये लिहा: पिंग, पुढे १९२.१६८.१.१ (तुमच्या राउटरचा जो पत्ता असेल तो), पुढे डॅश टी, आणि पाच मिनिटं नुसतं बघत बसा. माझ्याकडे घरातल्या घरातच आकडा २००-३०० मिलिसेकंदांवर उड्या मारत होता. तिथेच गाडी अडकली तर नेटवाल्याला शिव्या देऊन काय उपयोग? राउटरचा आकडा शांत असेल आणि बाहेरच्या सर्व्हरचाच उडत असेल, तेव्हा खुशाल फोन करा.

गड्ड्याच्या (सिद्धेश्वराच्या जत्रेच्या) सुट्टीत जिन्यावरून वीस मीटर केबल ओढली. आता राउटरचा पिंग १ मिलिसेकंदाच्या आत. एका टोकाचं क्रिंपिंग (तारांना पिन बसवणं) जरा गंडलंय, आठातल्या दोन तारा लागलेल्या नाहीत, त्यामुळे लिंक हजारऐवजी शंभर एमबीपीएसवरच जोडते. माझा प्लॅनच १०० एमबीपीएसचा, म्हणून तसंच ठेवलंय. आणि १०० चा प्लॅन असून स्टीम बाराच दाखवतं म्हणून घाबरू नका. स्टीम बाइटमध्ये मोजतं आणि आठ बिटांचा एक बाइट होतो. बारा म्हणजे पूर्ण वेग. सेटिंगमधलं डाउनलोड रीजन (गेम कुठल्या सर्व्हरवरून उतरतात ते) मात्र मुंबई आहे का, एकदा बघून घ्या.

लाईट गेली की इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणात राउटर रीस्टार्ट व्हायचा, त्याला बारा व्होल्टचा छोटा यूपीएस लावला. ठीक आहे, उन्हाळ्यात चांगलाच तापतो. मंगळवार संपून बुधवारच्या पहाटे स्टीम तुटलं तर काहीही करू नका, ती त्यांची आठवड्याची दुरुस्ती असते. त्या वेळी जागं असाल तर झोपा.

अशोक चौकातला माझा दोस्त हे सगळं ऐकून म्हणाला, ‘‘माझा पण सेलच गेला असंल बे.’’ नव्हता गेला. त्याच्याकडे अजून विंडोज ७ आहे आणि स्टीमनं १ जानेवारी २०२४ पासून त्याचा सपोर्ट बंद केलाय. रविवारी तो कॅबिनेट उचलून आणणार आहे. विंडोज बदलून देईन, आणि माझ्याकडचे गेम घरच्या नेटवर्कवरूनच त्याच्या पीसीत जातील. ही सोय स्टीममध्ये २०२३ पासून आहे. घरातल्या घरात प्लॅनची मर्यादा आड येत नाही, म्हणून तेवढ्यासाठी तरी केबलच्या त्या दोन तारा नीट करून घ्याव्या लागतील.