दाराजवळच्या कमानीसाठी कोणता गुलाब: ‘न्यू डॉन’ की ‘झेफिरीन द्रुअँ’?

कमानीवर चढवायचा गुलाब निवडताना माझी निवड शेवटी या दोन जातींपाशी येऊन थांबली. दोन्ही मी काही वर्षे वाढवल्या आहेत, त्यामुळे पुढचे मत मोजमापावर नव्हे, तर हाताला आलेल्या अनुभवावर आधारलेले आहे.

‘न्यू डॉन’ची थोरवी मी मनापासून मानतो. वर्षातून एकदाच बहरणाऱ्या ‘डॉ. डब्ल्यू. व्हॅन फ्लीट’ या गुलाबाच्या फांदीत आपोआप झालेल्या बदलातून ही पुन्हा पुन्हा फुलणारी जात मिळाली, १९३० मध्ये ती बाजारात आली आणि पुढच्याच वर्षी अमेरिकेतले वनस्पतीचे पहिले पेटंट तिला मिळाले. तिची फिकट गुलाबी फुले आणि चकचकीत, निरोगी पाने पाहिली की दुसऱ्या जातीचा विचार करावासा वाटत नाही.

अडचण आहे ती काट्यांची, आणि ती केवळ ओरखड्यांपुरती नाही. वेली गुलाबाची फांदी सरळ वर वाढू दिली तर बहुतेक फुले शेंड्याशीच येतात. तीच आडवी वाकवून बांधली तर तिच्या प्रत्येक डोळ्यातून उपफांदी फुटते आणि फूल खालपासून वरपर्यंत मिळते. हे वाकवण्याचे काम फांदी कोवळी असतानाच करावे लागते. ‘न्यू डॉन’चे काटे आकड्यासारखे मागे वळलेले असल्यामुळे हात आत सहज जातो, पण बाहेर काढताना बाही, कातडी आणि सुतळी सगळेच अडकते. परिणामी मी बांधणी आठवड्यामागून आठवडे पुढे ढकलत गेलो, तोवर फांद्या कडक झाल्या, वाकवताना दोन जाडजूड फांद्या बुंध्याशीच चिरल्या, आणि त्या हंगामात सारा बहर डोक्याच्या वर, तर कमानीचे पाय उघडे, असे दृश्य रोज दारात पाहावे लागले.

‘झेफिरीन द्रुअँ’ ही १८६८ ची फ्रेंच जात, बूर्बाँ या जुन्या बागायती गुलाबांच्या गटातली. तिचा गडद गुलाबी रंग सर्वांनाच रुचेल असे नाही, परंतु सुगंध भरघोस आहे आणि फांद्यांना काटे जवळजवळ नाहीतच. हातमोजे न घालता, जाता-येता एखादी फांदी वळवून सैल गाठ मारता येते, म्हणून ते काम वेळेवर होते. तिच्या उणिवाही स्पष्ट सांगायला हव्यात: पानांवर काळे ठिपके आणि भुरी हे दोन्ही रोग तिला लवकर गाठतात, आणि ओल्या हवेत खालची पाने गळून जातात. पाणी सकाळी, फक्त बुंध्याशी घालणे, गळलेली पाने उचलून टाकणे आणि मधल्या दाट फांद्या विरळ करणे एवढ्याने माझ्याकडे रोग आटोक्यात राहिला. ज्यांच्या बागेत हवा खेळत नाही त्यांना कदाचित एवढे पुरणार नाही.

मोठी, वर्दळीपासून दूर असलेली भिंत झाकायची असेल, तर पाच-सहा मीटर सहज पसरणारी ‘न्यू डॉन’च अधिक योग्य ठरावी. मात्र कमान दाराजवळ असेल आणि तिच्याखालून मुले ये-जा करत असतील, तर मी पुन्हा ‘झेफिरीन’च लावेन, आणि या वेळी दोन रोपांमध्ये थोडे अधिक अंतर सोडेन.