एनबीएचं वर्षाचं पॅकेज परत घ्यावं का? आमची टीम वॉशिंग्टन, आणि तिनं २०२५ च्या उन्हाळ्यात केलेले बदल

आमच्या तिघांच्या वर्गणीचं पॅकेज संपत आलं. मागच्या ऑक्टोबरात मी, शेजारचे काका आणि कृषी केंद्रवाला मित्र असे मिळून एनबीएचं वर्षाचं पॅकेज घेतलं होतं, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या मॅचेस मोबाईलवर नाहीतर टीव्हीवर. हे २०२५-२६ च्या सिझनच्या आधी लिहितोय, तो सिझन २१ ऑक्टोबर २०२५ ला सुरू होतो, ऐन दिवाळीत, आणि परत पैसे भरायचे का यावर ओसरीत रोज संध्याकाळी बोलणं चालू आहे म्हणून म्हटलं सविस्तर लिहून टाकतो, गावात राहून घेणाऱ्यांच्या कामी येईल.

मी दारव्हा तालुक्यातल्या एका हायस्कूलला क्रीडाशिक्षक आहे. बी.पी.एड. अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात केलं, बास्केटबॉलचं वेड तिथलंच. वॉशिंग्टन विझार्ड्स ही टीम का, असं सगळे विचारतात. मे २०१७ ची गोष्ट आहे, होस्टेलवर एका पोट्ट्याच्या मोबाईलवर आम्ही सात-आठ जण डोकी खुपसून बसलो होतो, बॉस्टनसोबत प्लेऑफची (सिझननंतरच्या बाद फेरीची) सहावी मॅच, साडेतीन सेकंद उरले असताना जॉन वॉलनं तीन पॉइंटचा बॉल टाकला आणि ९२-९१ नं जिंकून थेट स्कोअररच्या टेबलावर चढला. सातवी मॅच हरले तरी मी त्याच दिवशी या टीमचा झालो. त्या वर्षी त्यांनी ४९ मॅचेस जिंकल्या होत्या आणि ५० चा आकडा या टीमनं १९७९ नंतर गाठलेलाच नाही, तेव्हा नाव बुलेट्स होतं, एकुलतं एक विजेतेपद १९७८ चं.

आधी पॅकेजचं सांगतो. वेळ बघूनच टीम निवडा, हे सगळ्यात महत्त्वाचं. वॉशिंग्टनला संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपले पहाटेचे साडेचार, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे गेली की साडेपाच. म्हणजे हिवाळाभर मॅच आठच्या सुमारास संपते आणि साडेदहाची शाळा आरामात सापडते, फक्त शनिवारी सकाळची शाळा असते तेव्हा अर्धी मॅच सोडून निघावं लागते. पोर्टलंडसारखी पश्चिमेची टीम घेतली तर मॅच सुरूच साडेआठला होते, नोकरीवाल्यानं त्या नादी लागू नये. दिवसाला दीड जीबीचा रिचार्ज असेल तर क्वालिटी कमी ठेवूनच पूर्ण मॅच बघा नाहीतर थर्ड क्वार्टरलाच डेटा संपते. दहा मिनिटांत पूर्ण मॅच दाखवणारी आवृत्ती पण असते, स्कोअर लपवायची सोय आहे, ती चालू करून ठेवायची म्हणजे दुपारच्या सुटीत बघताना मजा जात नाही. कॉमेंट्री इंग्लिश, काकांना त्यानं काही फरक पडत नाही, ते बॉल बघतात. बाकी आमचा त्रास लाईनचा आणि टॉवरचा, त्याला पॅकेज काय करणार.

काकांचं सांगायलाच पाहिजे. रब्बीत कृषी पंपाची थ्री फेज लाईन आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, म्हणून ते रात्रभर हरभऱ्याच्या ओलिताला वावरात आणि पहाटे तिकडूनच सरळ आमच्या ओसरीत. ८ डिसेंबर २०२४, रविवार. टीम लागोपाठ १६ मॅचेस हरलेली होती, २० पैकी २ जिंकलेल्या, आणि समोर डेन्व्हर. काका आले ते पिंडऱ्यापर्यंत चिखलानं भरलेले, बॅटरी गळ्यात, डोक्याला मफलर, पायरीवरच बसले कारण आत आले असते तर सारवलेलं खराब झालं असतं. डेन्व्हरचा निकोला योकिच त्या दिवशी ५६ पॉइंट मारून गेला, त्याच्या करिअरमधले तोपर्यंतचे सगळ्यात जास्त, आणि तरीही आपण १२२-११३ नं जिंकलो कारण आपल्या जॉर्डन पूलनं ३९ मारले. शेवटच्या क्वार्टरला लाईन गेली, टीव्ही बंद, मग मोबाईल पितळी तांब्याला टेकवून तिघांनी उरलेली मॅच बघितली आणि काकांनी पायावरचा वाळलेला चिखल नखानं खरवडत एकदाही नजर हलवली नाही. मॅच संपल्यावर चुलीवरचा चहा आला. पॅकेजचे पैसे त्या एका सकाळी वसूल झाले असं मला आजही वाटते.

तोच पूल जून २०२५ मध्ये दुसऱ्या टीमला देऊन टाकला. काकांना सांगितलं तर ते दोन मिनिटं काही बोललेच नाहीत आणि मग म्हणाले, "सर, मले सांगा, थो ३९ मारनारा पोट्टा काहून इकला यायनं?"

त्यांना जे समजावलं तेच इथं लिहितो, कारण खरा प्रश्न हाच आहे. वॉशिंग्टननं २०२३-२४ ला १५ मॅचेस जिंकल्या, ६७ हरल्या, टीमच्या इतिहासातलं सगळ्यात वाईट वर्ष. मागच्या वर्षी १८ जिंकल्या, ६४ हरल्या. आता या उन्हाळ्यात (तिकडचा उन्हाळा म्हणजे जून ते ऑगस्ट) पूल आणि सद्दीक बे न्यू ऑर्लिन्सला दिले आणि तिकडून सीजे मॅकॉलम आणि केली ओलिनिक घेतले. ओलिनिकला लगेच सॅन अँटोनियोला देऊन टाकलं. मार्कस स्मार्टला मोकळं केलं, तो लॉस एंजेलिसच्या लेकर्सकडे गेला. ह्यूस्टनकडून कॅम व्हिटमोर नावाचा तरुण पोरगा सेकंड राउंडच्या दोन पिकांवर आणला (पिक म्हणजे ड्राफ्टमध्ये, दरवर्षीच्या नव्या खेळाडूंच्या निवडीत, आपला नंबर आला की खेळाडू घ्यायचा हक्क, त्याच्या दोन फेऱ्या होतात), हा सौदा मला तर फुकटात पडल्यासारखा वाटते. आणि ड्राफ्टमध्ये सहाव्या नंबरवर ट्रे जॉन्सन, टेक्सास युनिव्हर्सिटीचा, पहिल्याच वर्षी कॉलेजात मॅचमागे जवळपास २० पॉइंट मारणारा, २१ व्या नंबरवर विल रायली.

आता बघा, मॅकॉलम ३४ वर्षांचा होतोय आणि पूल २६ चा. नुसतं वय बघितलं तर काकांचा राग बरोबरच आहे. पण पूलच्या कराराची अजून दोन वर्षं होती आणि मॅकॉलमचं एकच. तसाच आपला ख्रिस मिडलटन, त्याचाही करार याच सिझननंतर संपते. या दोघांचे पगार मिळून ६ कोटी डॉलरच्या वर होतात आणि पूर्ण टीमच्या पगाराची मर्यादा २०२५-२६ ला साधारण साडेपंधरा कोटी डॉलर आहे, म्हणजे २०२६ च्या उन्हाळ्यात जवळपास चाळीस टक्के जागा एकदम रिकामी होते. मॅकॉलमला त्यांनी जिंकायला आणलेलं नाही, जागा मोकळी करायला आणलंय, आणि एक वर्ष तो पोरांना बॉल कसा सांभाळायचा ते शिकवणार. मी काकांना म्हटलं, तुम्ही लांब मुदतीच्या तुरीच्या जागी सोयाबीन घेता तेव्हा काय, लवकर वावर खाली व्हावं अन् मागून हरभरा पेरता यावा म्हणूनच ना. हे त्यांना लगेच पटलं. पूल गेल्याचं दुःख आहे ते आहेच.

जिंकायला आणलेलं नाही म्हणतो त्याला अजून एक कारण आहे. वॉशिंग्टनचा २०२६ चा फर्स्ट राउंड पिक न्यूयॉर्कला देणं लागते, पण तो पहिल्या आठात आला तर स्वतःकडं राहते. लॉटरीत, म्हणजे तळाच्या टीमना वरचे पिक वाटायच्या सोडतीत, पहिले चारच नंबर चिठ्ठीनं ठरतात, बाकीचे जास्त हरलेल्याला आधी असे, त्यामुळं सगळ्यात खालच्या चार टीमपैकी एक असाल तर कितीही नशीब फुटलं तरी आठव्याच्या खाली जात नाही. म्हणजे टीम थोडीशी सुधारली आणि खालून सहावी-सातवी आली तर पिक हातचा जायची भीती. अशा वर्षी मॅनेजमेंट मोठा खेळाडू आणणारच नाही. मला ही पद्धत आवडत नाही, हे स्पष्ट लिहितो. हरण्यातच फायदा असेल तर पोरगं मैदानात काय शिकणार? आणि नशिबाची तर खात्री नसतेच, मे २०२५ मध्ये वॉशिंग्टनला पहिल्या पिकाची १४ टक्के संधी होती आणि घसरून सहाव्यावर गेले, पहिला पिक १.८ टक्केवाल्या डॅलसला लागला आणि कूपर फ्लॅग तिकडं गेला. ६४ मॅचेस हरून हाती काय आलं तर सहावा नंबर.

कृषी केंद्रवाल्या मित्राचं म्हणणं वेगळं, तो म्हणते डेट्रॉइट बघा. डेट्रॉइट २०२३-२४ ला लागोपाठ २८ हरलं होतं, पूर्ण वर्षात १४ जिंकले, आपल्यापेक्षाही खाली. उन्हाळ्यात कोच बदलला, टोबायस हॅरिस, मलिक बीझली, टिम हार्डवे ज्युनियर असे मुरलेले खेळाडू घेतले आणि पुढच्याच वर्षी ४४ जिंकून प्लेऑफला. एकट्या बीझलीनं तीन पॉइंटचे ३१९ बॉल टाकले. मग आपण एका वर्षात का नाही, असा त्याचा प्रश्न. मी त्या वर्षी डेट्रॉइटच्या बऱ्याच मॅचेस दहा मिनिटांच्या आवृत्तीत बघितल्या, म्हणून सांगतो. ते तिघं आले ते केड कनिंगहॅमच्या भोवती आले. केड आधीच होता, २०२१ चा पहिला पिक, तो बॉल घेऊन आत घुसला की तीन जण त्याच्यावर धावतात आणि बाहेर बीझली मोकळा उभा असते. केड नसता तर बीझलीला बॉल द्यायला कोण होतं? आपल्याकडं तो केड अजून ठरलेलाच नाही, सगळा घोडा तिथंच अडलाय.

ॲलेक्स सार होईल का? सात फुटाचा फ्रेंच पोरगा, २०२४ चा दुसरा पिक, वर्षातल्या उत्तम नवख्यांच्या मानाच्या पहिल्या संघात निवडला गेला, ब्लॉक सुंदर करते, पण त्याची शूटिंग (टाकलेल्यांपैकी आत गेलेले बॉल) ४० टक्क्यांच्या खाली राहिली आणि एवढ्या उंच माणसाला ती फारच कमी आहे. तो रिंगजवळ जाण्याऐवजी बाहेरूनच टाकत राहते, मी टीव्हीसमोर ओरडतो, आत जा बाबा आत. बब कॅरिंग्टन पहिल्याच वर्षी ८२ च्या ८२ मॅचेस खेळला, या गोष्टीचं मला जास्त कौतुक आहे. किशॉन जॉर्ज माझा आवडता, कुठंही उभा करा, डिफेन्सला हात वर. बिलाल कुलिबाली पळतो छान पण नेम नाही. माझा अंदाज विचाराल तर केड व्हायची शक्यता ट्रे जॉन्सनमध्ये आहे, कारण त्याचा हात मऊ आहे, बॉल सुटताना मनगट सैल पडते आणि बोटं खाली वळतात, हे शिकवून येत नाही, मी शंभर पोरांना शिकवायचा प्रयत्न केलाय.

माझ्या शाळेच्या टीमचं पण दरवर्षी असंच असते म्हणून मला हे जवळून कळते. आमचा ऑफसीझन, म्हणजे टीम बदलायचा मधला काळ, दहावीच्या निकालानं सुरू होते. निकाल लागला की उंच पोट्टे दारव्ह्याला, यवतमाळला, पुण्याला, आणि जूनमध्ये आठवीची लहान पोरं घेऊन परत पहिल्यापासून सुरू. रिंग आम्ही गावातल्या वेल्डरकडून बनवून घेतली, दहा फूट टेपनं मोजून बसवली, बोर्ड प्लायवूडचा आहे आणि पावसानं त्याचा खालचा कोपरा फुगलाय, तिथं बॉल लागला तर मेल्यासारखा खाली पडते. मागच्या वर्षी एक पोरगी होती, एकटीच मॅच काढायची, ती गेली तर मी घाबरलो होतो. पण उरलेल्या चौघी पास द्यायला लागल्या कारण आता देणं भाग होतं. हरलो तालुक्याला, पण मॅच बघायला चांगली झाली. पूल गेल्यावर वॉशिंग्टनचं तसं काही होईल अशी मला आशा आहे, मागच्या वर्षी सगळे त्याच्याच हाताकडं बघत उभे राहायचे.

मॅनेजर विल डॉकिन्स ओक्लाहोमाहून आलेला आहे, हे मी जमेत धरतो. ओक्लाहोमा २०२१-२२ ला २४ जिंकत होतं, मग ४०, मग ५७, मग ६८ आणि २०२५ चं विजेतेपद. पण त्यांच्याकडं शे गिल्जस-अलेक्झांडर हा मोठा खेळाडू पडत्या काळातही होताच, हे विसरून फक्त धीर धरा धीर धरा म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. आणि आपल्या डेनी अव्डिया या खेळाडूला २०२४ मध्ये पोर्टलंडला दिलं ही माझ्या मते या मॅनेजमेंटची सगळ्यात मोठी चूक, तो तिकडं फुलला, आज तो असता तर मी हे सगळं वेगळं लिहिलं असतं. बब कॅरिंग्टन त्याच सौद्यातल्या पिकातून आला हे खरं आहे, तरीही.

तर यश येईल का? यंदा नाही. माझ्या हिशेबानं २० च्या आसपास जिंकतील, २५ झाल्या तर मी शाळेत पेढे वाटीन. प्लेऑफचं नावच काढू नका. पण बदल बरोबर दिशेनं आहेत, एकही करार गळ्यात अडकलेला नाही, पोरं तरुण आहेत आणि २०२६ च्या उन्हाळ्यात पैसा हातात असेल, तेव्हा एखादा मुरलेला गार्ड (बॉल सांभाळून खेळ चालवणारा) घेतला नाही तर मात्र हे सगळं वाया.

पॅकेजला पाचपैकी चार. जिंकणारी टीम बघायची असेल तर ओक्लाहोमासाठी घ्या, तुमचे पैसे पहिल्या आठवड्यातच वसूल. वॉशिंग्टनसाठी घेत असाल तर एकट्यानं घेऊ नका, दोन-तीन जण मिळून घ्या, सतरावी मॅच हरताना शेजारी माणूस पाहिजे.

काकांनी काल त्यांचा हिस्सा आणून दिला. सोयाबीनचे अजून यायचे आहेत, पण म्हणाले, "थ्या टेक्सासच्या पोट्ट्याचा हात बघू द्या एकदा."