बेळगावहून लंडन: मुंबईमार्गे की बेंगलोरमार्गे?

पोरगं शिकायला लंडनला निघालं की बेळगावातल्या घरात दोन तट पडतात. मोठे काका म्हणतात मुंबई, धाकटा म्हणतो बेंगलोर. भांडायला जागा आहे, कारण हायवेने दोन्हीकडे साधारण ५०० किलोमीटरच. आपण बरोबर मधोमध.

आकाशातलं गणित मात्र वेगळं. मुंबई ते हीथ्रो सरळ अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर, बेंगलोरहून सुमारे ८,०००. नकाशावर दोरा ताणून बघा, बेंगलोरहून निघालेला दोरा वायव्येला, जवळपास आपल्याच भागावरून वर सरकतो. म्हणजे आधी रात्रभर उलटं जायचं आणि मग तेच अंतर विमानातून परत कापायचं. फरक तासाभराचा. मुंबईहून साडेनऊ-दहा तास, बेंगलोरहून साडेदहा-अकरा धरा. जाताना पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, येताना तोच पाठीशी, त्यामुळे परतीचा प्रवास लवकर उरकतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हापासून एअर इंडियाच्या विमानांना वळसे पडू लागले. ही बंदी ब्रिटिश कंपन्यांवर नव्हती. म्हणून तिकीट बघताना नुसतं भाडं नको, तासही बघा. आणि सुटण्या-पोचण्याच्या वेळा वजा करून तास काढू नका. तिकडचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार.

खरा वेळ जातो तो जमिनीवर. बेंगलोरला वंदे भारत साडेआठ तासांत नेते, पण विमानतळ देवनहळ्ळीला, स्टेशनपासून आणखी ३५-४० किलोमीटर. मुंबईची रात्रीची स्लीपर बस सायनला सोडते, तिथून विमानतळ जवळ. मात्र वाटेतल्या खंबाटकी घाटात अडकलात तर देवच वाली! शिवाय सीमाप्रश्न पेटला की एसटी बंद पडते. डिसेंबर २०२२ आणि फेब्रुवारी २०२५, दोन्ही वेळा हे झालं.

सांबऱ्याहून, म्हणजे बेळगावच्याच विमानतळावरून, विमानाने जोडून जाणार असाल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मी एकदा हुशारी करून दोन वेगळी तिकिटं काढली. देशातल्या विमानाला १५ किलोची मर्यादा, बॅग भरली बावीस. काउंटरसमोर फरशीवर बसून भाकरीच्या पिठाची पिशवी बाहेर काढली, मागची रांग बघत होती. पुढे मुंबईत बॅगा घेऊन एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर, रस्त्याने, चार-पाच किलोमीटर. बेंगलोरला दोन्ही टर्मिनल शेजारी-शेजारी आहेत. सोबत गुडघे दुखणारी आई असेल तर मी तो जास्तीचा तास हसत सोसेन.

एकटा, धडधाकट माणूस लंडनला निघाला असेल तर माझं मत मुंबईलाच. सिंगापूरला जायचं असेल तर वादच नको: बेंगलोरहून सुमारे ३,२०० किलोमीटर, मुंबईहून ३,९००.

कुंदा मात्र कुठूनही निघालात तरी घरीच ठेवा. ब्रिटनमध्ये आपल्याकडून दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. तिखटाची पूड चालते, पण ती मोठ्या बॅगेत. हातातल्या पिशवीत सापडली तर तपासणीवालेच काढून घेतील.