आयटीआय की शिकाऊ उमेदवारी: सोलापुरातील दहावी उत्तीर्णांसाठी

दहावीनंतर हाताला कसब हवे आणि खिशाला फारसा भार नको, अशा सोलापुरातील मुलामुलींपुढे शासनाच्या आधाराचे दोन मार्ग येतात. पहिला शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा, म्हणजेच आयटीआयचा. 1950 साली सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेतील वीजतंत्री किंवा फिटरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा, तर वेल्डरचा एका वर्षाचा असतो. शुल्क खाजगी संस्थांच्या तुलनेत अगदी कमी असते आणि शेवटी देशभर चालणारे प्रमाणपत्र मिळते, मात्र या काळात घरात पगार येत नाही.

दुसरा मार्ग 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याचा. येथे उमेदवार कारखान्यातच शिकतो व दरमहा विद्यावेतन घेतो. 2016 च्या राष्ट्रीय प्रोत्साहन योजनेनुसार त्यातील 25 टक्के, कमाल 1500 रुपये, केंद्र सरकार उचलते. अडचण सोलापूरच्या उद्योगरचनेतच आहे. तीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांवरच उमेदवार घेण्याचे बंधन असल्यामुळे, चादर आणि टॉवेल विणणारे लहान यंत्रमाग कारखाने त्यातून सहज निसटतात (तिथले कसब बहुधा मागाशेजारी उभे राहूनच, कागदावर कुठलीही नोंद न होता, शिकले जाते).

घरची निकड तीव्र असेल तर उमेदवारी बरी. अन्यथा मी आधी आयटीआय सुचवीन, कारण तिच्यानंतर उमेदवारीचे दार उघडेच राहते.